कुंकू लागलेली पॉलिसी

मी एक जुनी विमा पॉलिसी आहे. मित्रांनो, एवढं ऐकूनच तुम्हाला जांभई आली असेल. खुशाल द्या. मी रागावलेली आहे, पण तुमच्यावर नाही.

माझा जन्म १९७६ साली लंडनमधल्या एका विमा कंपनीच्या टाइपरायटरवर झाला. जाड पिवळसर कागद, ठसठशीत काळी अक्षरं. जगदीश राजाध्यक्ष यांच्या कारखान्यासाठी मी होते. लंडनच्याच हॅरो भागातल्या एका गल्लीत ते सायकलच्या हँडलांना क्रोमचा मुलामा देत. माझ्यात एक वचन होतं: या वर्षात कारखान्याच्या हातून चुकून शेजाऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई विमा कंपनी देईल. कंपनीने त्याचा हप्ता वेळच्या वेळी घेतला.

माझ्याच वर्षी जगदीशांनी एक जुनी टाकी विकत आणली. मुलाम्याआधी लोखंडावरचं तेल काढायला तिच्यात एक गोडसर वासाचं रसायन भरत. टाकी रोज थोडी रिकामी होई.

"उडून जातंय," जगदीश म्हणत, आणि त्यांची पत्नी गिरिजा ती पुन्हा भरून ठेवी.

थोडं उडत होतं, हे खरं. बाकीचं टाकीच्या सांध्यातून, फरशीच्या भेगेतून जमिनीत उतरत होतं. ते पाण्याहून जड असतं. खोल जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं वाफ होऊन वर येत राहतं. माझं वर्ष संपायच्या आतच टाकीचा तळ फुटला, तेव्हा ती भंगारात गेली. जमिनीला कोणी काही विचारलं नाही.

माझ्या वर्षातल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला कारखान्याची वही आणि मी एकाच चौरंगावर होतो. गिरिजाने ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. वहीवर काढायचं ते घाईत माझ्यावर काढलं, बरोबर नंबरावर आणि कारखान्याच्या नावावर. वर्ष संपलं आणि मी 'जुनी' झाले. पुढे कारखाना बंद झाला. जगदीशांनी सगळे कागद निळ्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकले. माझ्या सगळ्या बहिणी त्यात गेल्या.

गिरिजाने तेवढं मला बाहेर काढलं. "कुंकू लागलेला कागद कचऱ्यात टाकत नाहीत," ती म्हणाली. मग मी तिच्या कपाटात साड्यांखाली पडून राहिले. जगदीश वारले. मला कोणी उघडलं नाही.

गेल्या वर्षी दारावरची घंटा वाजली. कल्याणी आली होती. कारखान्याशेजारचा हॉल विकत घेऊन तिने लहान मुलांची नर्सरी काढली होती.

"काकू, मी भांडायला आलेली नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "खरं तर आले होते. तुम्हाला बघून जमत नाहीये."

तिने सगळं सांगितलं. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, हॉलची हवा तपासली. फरशीखालून त्या रसायनाची वाफ येत होती. ती मुलांच्या श्वासात जाणं घातक, म्हणून नर्सरी बंद झाली. कारखान्याची कंपनी केव्हाच विसर्जित झाली होती, म्हणून जमीन साफ करायचा खर्च तिच्यावर येत होता. तो तिला झेपणारा नव्हता; हॉल जाणार होता. वकील म्हणाले होते, कारखान्याची त्या काळातली पॉलिसी मिळाली, तर कायद्याने थेट विमा कंपनीला धरता येईल.

गिरिजाची मुलगी सुनीती तिथेच होती. ती एजवेअरच्या शाळेत फिजिक्स शिकवते.

"आई, विचार कर," ती हळूच म्हणाली. "बाबांचं नाव चिखलात जाईल."

"चिखल हिच्या दारात झालाय," गिरिजा म्हणाली. "टाकी मी भरत होते. मला कपाटाची किल्ली दे."

वकिलांनी माझी काळी-पांढरी प्रत काढून विमा कंपनीला पाठवली. उत्तर आलं: अशा पॉलिसीची नोंद आमच्याकडे नाही. नंबर वाचता येत नाही. शिवाय मुदत संपलेली आहे.

मित्रांनो, ज्यांनी मला जन्म दिला, त्यांनीच मला ओळखलं नाही. प्रतीत कुंकू काळंच दिसतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटी वकिलांच्या ऑफिसमध्ये विमा कंपनीचा माणूस भेटला. सुनीतीने मला टेबलावर ठेवलं, पडदे ओढले आणि आपल्या सायकलचा मागचा लाल दिवा माझ्यावर धरला. लाल उजेडात कागदही लाल आणि कुंकूही लाल. स्वस्तिक कागदात विरून गेलं. काळी अक्षरं काळीच राहिली. कारखान्याचं नाव आणि नंबर, एकूण एक आकडा.

"व्हेरी क्लेव्हर," तो माणूस म्हणाला. "पण ही एक्स्पायर झालेली आहे."

गिरिजाला इंग्रजी उत्तम येतं. राग आला की ती मराठीतच बोलते.

"सुनू, सांग ह्याला. बायकोचा वाढदिवस विसरणारे पुष्कळ बघितले, पण हप्ता घेऊन पॉलिसी विसरणारा हा पहिलाच. आणि विचार, रात्रीच्या पहाऱ्याचा पगार घेतला, चोरी त्याच रात्री झाली, फक्त उघडकीला आज आली. मग त्या रात्री पहारा कोणाचा होता? ती टाकी ह्या पॉलिसीच्या वर्षातच आली आणि पुढची पॉलिसी घ्यायच्या आधी गेली. मी लिहून देते."

"आई, सगळं ट्रान्सलेट करू?"

"वाढदिवसाचं आधी कर."

कल्याणीला हसू आवरलं नाही. त्या माणसाने नंबर टिपून घेतला. नंबर मिळाल्यावर त्यांच्याच गोदामात माझी जुळी बहीण, म्हणजे कंपनीची स्वतःची प्रत सापडली, कुंकवाचा ठिपकाही नसलेली. तिला तिथे ठेवून ते 'नोंद नाही' म्हणत होते. मग भरपाईला ते कबूल झाले. आता हॉलची फरशी उखडली आहे, माती ट्रकांनी जाते आहे, आणि हॉल कल्याणीचाच राहिला आहे.

म्हणून मित्रांनो, घरात कोणी 'मुदत संपली' म्हणून जुनी पॉलिसी फाडायला घेतली, तर त्यांचा हात धरा. माझं वर्ष संपलं. त्या वर्षाबद्दल दिलेला शब्द संपलेला नाही. आणि काही सांडत असेल, तर 'उडून जातंय' म्हणू नका. वाकून टाकीचा तळ बघा.

परवा कल्याणीकडे एका मुलाची आई आली होती. तिने एवढंच विचारलं, "माझा नकुल दोन वर्षं इथल्या फरशीवर झोपायचा दुपारचा. त्याचं काय?"

मी माती बदलून देऊ शकते, फरशी देऊ शकते. नकुलच्या आईला द्यायला माझ्याकडे एकही कलम नाही.