सात नंबरची रिकामी चौकट

सकाळी निघताना लेकीचं अंग तिला जरा कोमट लागलं होतं. "दात येतायत गं, जा तू," म्हणत सासूबाईंनी तिला जवळजवळ दाराबाहेर ढकललं. तरी प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर बसून ती दर दहा मिनिटांनी फोन बघत होती. जीवशास्त्राच्या चाळीस शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण, आज शेवटचा दिवस. पंखा नुसता कुरकुरत होता, वारा कुठेच नव्हता. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं की सोमवारी तिची फाइल मुख्याध्यापिकांच्या टेबलावर जाणार होती: प्रमाणपत्र आणि स्वतः तयार केलेली एक कृतिपत्रिका. त्या दोन कागदांवर तिची तीन वर्षांची हंगामी नोकरी कायम व्हायची होती.

प्रशिक्षण देणाऱ्या तज्ज्ञ सरांनी पुढून कागदांचा गठ्ठा सोडला. "ही मी गेल्या वर्षी तयार केलेली कृतिपत्रिका. नाडीचे ठोके, जिना चढण्याआधी आणि चढल्यावर."

कागद हातात आला आणि तिची कानशिलं तापली. तक्ता तिचा. प्रश्न तिचे. 'घरातल्या सर्वांत चिडक्या माणसाचे ठोके मोजा' हा चावटपणासुद्धा तिचाच. गेल्या उन्हाळ्यात तिनं हे याच सरांना वाचायला दिलं होतं. 'ठेवतो बघून' म्हणाले होते. चांगलंच बघून ठेवलं होतं! खाली ठळक अक्षरांत त्यांचं नाव. सोमवारी हाच कागद तिनं फाइलमध्ये लावला असता, तर चोर ती ठरली असती.

शेजारी बेडूकबाई बसल्या होत्या. तीस वर्षं बेडूक फाडायला शिकवलं म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव त्या मेडलसारखं मिरवायच्या.

"काय गं, चेहरा का असा?"

"बाई, हे माझं आहे."

"मग मिठाची गुळणी धरून काय बसलीस?"

ती उभी राहिली. "सर, तक्त्यातली ही नऊ माणसं कोण?"

"माझे कॉलेजचे विद्यार्थी. सगळे विशीतले."

"मग तीन नंबरला जिना चढायला चार मिनिटं कशी? बाकी सगळे एका मिनिटात वर."

"प्रत्येक वर्गात एखादी गोगलगाय असतेच, मॅडम." वर्ग हसला.

"आणि सात नंबर? बसल्याजागी अठ्ठ्याण्णव ठोके, आणि चढल्यानंतरची चौकट रिकामी."

"तो होय! आळशी पोरगं. जिना बघूनच धाप लागली त्याला."

पुन्हा हशा. तिच्या डोळ्यांपुढे सासूबाई आल्या, जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात आडवे धरून उभ्या. 'तुझा प्रयोग गेला चुलीत, एक पायरी चढायची नाहीस!'

"ते आळशी पोरगं मी आहे, सर. आठवा महिना होता मला. आणि तुमची गोगलगाय म्हणजे माझ्या सासूबाई. अर्ध्या जिन्यात दूध उतू जातंय म्हणून खाली पळाल्या, गॅस बंद केला आणि पुन्हा वर आल्या. मी घड्याळ थांबवायला विसरले. चूकही माझीच आहे त्यात. तीसुद्धा तुम्ही सोडली नाहीत."

आता कुणी हसलं नाही. "दहा मिनिटं सुट्टी," सर म्हणाले आणि तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, प्रमाणपत्रावर सही माझी लागते, माहीत आहे ना? आत जाऊन म्हणा, गंमत केली. पुढच्या वेळी 'साहाय्य' म्हणून टाकू तुमचं नाव."

"साहाय्य?"

"विचार करा. लहान बाळ आहे तुम्हाला."

फोन थरथरला. सासूबाईंचा निरोप: 'ताप नाही. दात दिसला. तू वेळेवर खा.' सकाळपासून छातीत रुतलेली काळजी एकदम निघाली आणि तिच्या जागी निव्वळ राग उरला. बाळाचं नाव काढतो हा माणूस!

ती आत गेली. सुट्टी होऊनही कुणी जागचं उठलं नव्हतं. खडू उचलून फळ्यावर तक्ता काढला. एक, नवरा. दोन, दीर. तीन, सासूबाई. चार, सासरे. पाच, जाऊ. सहा, नणंद. सात, मी. आठ आणि नऊ, जावेची मुलं. दहावी ओळ वाचणाऱ्यानं स्वतःचे ठोके भरायला तिनंच मोकळी ठेवली होती.

"बाई, मोजता का?" तिनं मनगट पुढे केलं.

बेडूकबाई चष्मा सावरत पुढे आल्या. मिनिटभर सगळा वर्ग त्यांच्या घड्याळाकडे बघत राहिला. सर दारातच उभे होते.

"एकशे अठरा," बेडूकबाई म्हणाल्या. "उभ्या जागी."

तिनं दहाव्या ओळीत आकडा मांडला. शेवटचा रकाना होता 'कारण'. तो तिनं कोरा सोडला, दारापाशी गेली आणि खडू सरांपुढे धरला.

"सहीचं नंतर बघू, सर. आधी एवढं भरा."