अंगठ्याचं माप

…आणि चेंडूच्या भोकात कुणाची तरी चिकटपट्टी निघाली. जखमेवर लावतात तसली, मातकट रंगाची, आत अंगठ्याचा आकार धरून बसलेली. पंचशीलानं अंगठा घातला तेव्हा तो त्या पट्टीत इतका बिनबोभाट शिरला की क्षणभर तिला परक्या बाईच्या चपलेत पाय गेल्यासारखं झालं आणि तिनं अंगठा सटकन बाहेर ओढला. पट्टी त्याला चिकटून आली. कोण असेल? काय लागलं असेल? आणि लागलेलं असताना खेळायला आली म्हणजे बाई — बाईच असणार, चेंडू गुलाबी होता, आठ पौंडांचा, वर्षभर लातुरातल्या झाडून सगळ्या बायका हाच उचलत आल्या होत्या — बाई भलतीच हौशी. तिनं पट्टी कागदात गुंडाळली, कागद पर्समध्ये टाकला. पर्समध्ये आधीच एक कागद होता, चार घड्यांचा. त्याला बोट लागलं तसं तिनं बोट मागं घेतलं.

लातुरातल्या त्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर बोलिंगच्या चार लांब लाकडी पट्ट्या होत्या, त्यातली एक कायमची बंद. पलीकडच्या टोकाला दहा लाकडी खुंट्या उभ्या राहायच्या, आपण चेंडू सोडायचा, त्या पडायच्या किंवा पडायच्या नाहीत. सगळा खेळ एवढाच. मार्चमध्ये महिला दिनाला ऑफिसातल्या उमाबाईंनी सगळ्यांना ओढून आणलं तेव्हा निम्म्या जणी गार हवेसाठी आल्या होत्या आणि निम्म्या कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या जारसाठी. खोटं कशाला बोला, पंचशीलाही पर्समध्ये रिकामी बाटली घेऊनच आली होती. पहिले दोन चेंडू बाजूच्या नाल्यात गेले. तिसऱ्याला सात खुंट्या पडल्या, आणि तो आवाज… ती भूजल खात्यात होती. वीस वर्षं विहिरींत टेप सोडत होती, खाली पाणी किती फुटांवर ते वहीत लिहीत होती. मुरुडपासून पार औशापर्यंत दरवर्षी आकडा वाढायचा, आणि वाढलेला आकडा म्हणजे वाईट बातमी. इथं पहिल्यांदा आकडा वाढला आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सुट्टीच्या शनिवारी ती एकटीच आली. मग येतच राहिली.

घरी लपवलं नाही. नवऱ्यानं, भीमरावांनी, फोनवर ऐकून "म्हणजे गोट्याच की!" म्हटलं आणि विषय सोडून दिला. सासूबाई कोंडाबाईंना मात्र खेळ पटला. उभं असलेलं पाडायचं यात त्यांना काहीतरी फार बरोबर वाटलं. खुंट्यांना त्या बाटल्या म्हणत. ती घरी परतली की ओसरीवरूनच खणखणीत आवाजात विचारत, "पंचशीले, आज किती बाटल्या झाल्या?" आणि ही नळाच्या कोरड्या तोटीपाशी पाय झटकत सांगे, "एकशेदहा." शेजारच्या केवळाबाई महिनाभर हे ऐकत होत्या. अखेर एका सकाळी त्या पंचशीलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्या भावानं सोडली बाई. गोळ्या मिळतात."

"म्याडम, द्या हात."

सिद्धेश्वर आला होता. मूळचा नायगावचा, दहा वर्षं हैदराबादेत याच खेळाच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता शिकवायला लागलेला, आता नांदेडहून महिन्यातून एकदा यायचा. त्याच्या पेटीत एक विचित्र चेंडू होता, बोटांची भोकं मागंपुढं सरकणारा. त्यावर हाताचं माप घ्यायचं, हैदराबादला पाठवायचं, आणि तुमच्या बोटांपुरती भोकं पाडलेला तुमचा चेंडू तिथून यायचा. गेल्या खेपेला तिनं हो म्हटलं होतं. का म्हटलं होतं हे तिला अजून कळलं नव्हतं.

त्यानं अंगठा दाबून पाहिला, बोटांची पेरं पाहिली, भुवया चढवल्या.

"सुजलाय की हात. सकाळी टँकर आल्ता का?"

"साडेचारला आला."

"किती घागरी?"

"बावीस. नऊ दिवसांनी आला होता."

"मग कसलं माप घेता! आजच्या मापानं भोक पाडलं तर टँकर नसंल त्या दिवशी चेंडू हातातून निसटून जाईल." त्यानं पेटीचं झाकण लावलं. "तुमच्या लातुरात हीच गंमत होऊन राहिली. एकाचा हात खरा नाही. अर्धा घंटा हात वर धरून बसा, सूज उतरंल. तवर मी ती बंद पट्टी बघतो."

तर पंचशीला बसली, भाड्याच्या पाच नंबरच्या बुटांत, उजवा हात डोक्यावर सरळ उभा धरून. वर्गात बाईंना उत्तर येत असल्यासारखी. लगेच एक पोऱ्या धावत आला, "काय आणू?" तिनं मान हलवली. दोन मिनिटांनी दुसरा आला. समोरच्या पट्टीवरच्या कुटुंबातल्या आजोबांनी ओळख असावी असं वाटून उलट हात हलवला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिनं बोटं थोडी हलवली, तर पहिला पोऱ्या पुन्हा आला. त्यानंतर ती छताकडे पाहत बसली.

चार घड्यांचा कागद. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार असं पेपर रोज म्हणत होते, आणि साहेबांनी तोंडी सांगून ठेवलं होतं की नव्या जिल्ह्याला जायची ज्यांची तयारी असेल त्यांनी अर्ज देऊन ठेवा, मागून धावपळ नको. भीमराव उदगीरजवळच्या शाळेवर. तेरा वर्षं ते तिकडं, ही इकडं. शनिवारी संध्याकाळी एसटीतून उतरायचे, आणि यंदा दोन्ही हातांत वीस-वीस लिटरचे पाण्याचे जार… उदगीरहून, गर्दीत उभं राहून, मांडीला लावून. गेल्या शनिवारी एक जार वाटेत सांडला तर ओल्या पँटनं दारात उभे राहून माफी मागत होते. अशा माणसाला काय म्हणायचं? त्यांनी अर्ज स्वतःच लिहून आणला होता, सुंदर मास्तरी अक्षरात, तिच्या नावानं: 'मी स्वखुशीने…' फक्त सही बाकी. स्वखुशी या शब्दाचा 'स्व' त्यांनी असा टपोरा काढला होता की तिला हसू आलं होतं — आणि नंतर आलं नव्हतं.

नाही म्हणायला कारण काय होतं? हे एक? एवढं? सेहेचाळीस वर्षांची बाई, मुलगा पुण्याला नोकरीला, आणि कारण काय तर गोट्या! मी कुणाला सांगू तरी शकेन का हे?

फोन वाजला. डाव्या हातानं पर्स, डाव्या हातानं चेन, डाव्या हातानं फोन.

"इतका वेळ?" भीमराव. मागं कल्लोळ, कुणीतरी माइकवर घोषणा देत होतं.

"हात वर होता."

"कुठं वर?"

"असाच. वर धरून बसलेय. सूज उतरायला."

"इथंही सगळ्यांनी आत्ताच हात वर केले," ते आनंदानं म्हणाले. "उदगीर जिल्ह्याचा ठराव झाला! एकमतानं! आमचे हेडमास्तर भुजंगराव तर दोन्ही हात वर करून होते. बरं, तू सही केलीस का?"

"हात वर आहे म्हटलं ना."

"मग खाली आल्यावर कर. अगं, एकदा नाव लागलं की झालं… रात्री गरम जेवण, दुसरं काय मागतोय मी? इकडं खानावळीची आमटी खाऊन खाऊन…" कल्लोळ वाढला. ते ओरडले, "ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. येत होतं. आमटी ऐकू येत होती, तेरा वर्षांची.

सूज उतरल्यावर सिद्धेश्वरनं तीनदा माप घेतलं. मधली बोटं, मग तळहाताचा ताण, मग अंगठा. वेगवेगळ्या भोकांत अंगठा घालायला लावून विचारायचा, "टाइट? ढिल्ला? खरं सांगा, लाजू नका." खरं सांगायचं म्हणजे फार अवघड होतं. घट्ट असलं तरी तिच्या तोंडून "चालेल" यायचं. बांगड्या, ब्लाउज, बदल्या, सगळ्याला ती चालेलच म्हणत आली होती.

"चालंल नको. चालंल म्हणून अंगठा सोलून घेतात लोक." तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

तिनं डोळे मिटले. "घट्ट आहे." मग दुसरं. "ढिलं." मग तिसरं… अंगठा आत होता आणि आत असल्याचं कळत नव्हतं.

"हां," सिद्धेश्वर म्हणाला, आणि लिहून घेतलं. "वजन बारा."

"मी आठचा घेते."

"गुलाबी हाय म्हणून. घागर किती किलोची? पंधरा? बावीस घागरी नेणारी बाई आठ पौंडांचा चेंडू कशाला फेकती? हलका हाय म्हणून तर जोर लावता, आणि जोर लावला की वाकडा जातो. घागर नेताना दुसरा हात आपण हलवतो का? आपोआप हलतो. तसा सोडायचा. नुसता सोडायचा." मग वहीवर पेन धरून, "तीन हप्त्यांत येईल. एकदा भोकं पाडली की दुसऱ्या कुणाला चालत नाही बघा, परत घेत नाहीत. कुठं आणू? इथंच ना?"

एवढा साधा प्रश्न. "मी… फोन करून सांगते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, पेन खिशाला लावलं, पेन्सिल काढली. "पेन्सिलीनं लातूर लिहितो."

मग त्यानं सार्वजनिक ढिगातला एक काळा बारा पौंडांचा चेंडू दिला. खुंट्यांकडे बघायचं नाही, पट्टीवर रंगवलेल्या बाणांकडे बघायचं, उजवीकडून दुसरा. चार पावलं. पहिल्या पावलाला चेंडू पुढं ढकलायचा आणि मग त्याच्या वाटेत यायचं नाही. तिनं ढकललं. चेंडू आपल्या वजनानं मागं गेला, तिचा खांदा त्याच्यामागं गेला, आणि पुढं येताना हातानं काहीच केलं नाही… खरंच काही केलं नाही. अंगठा आधी निघाला, मग बोटं. डावा बूट शेवटच्या पावलाला जरासा अडकला. चेंडू दुसऱ्या बाणावरून गेला एवढंच तिनं पाहिलं आणि बाणाकडेच बघत राहिली. आवाज झाला. आजोबांनी टाळी वाजवली. एक खुंटी कोपऱ्यात डुलत उभी राहिली होती म्हणे, ते तिला सिद्धेश्वरनं सांगितलं.

"दुसरा टाका, ती पण पडंल."

"असू दे तिला," ती म्हणाली आणि बूट सोडायला बसली.

वीज वाचवायला सरकता जिना बंद ठेवला होता. ती साध्या जिन्यानं उतरत होती. पहिल्या मजल्यावर आली तेव्हा तिला दोन्ही हात वर केलेले भुजंगराव दिसले. मग माइकसमोर, एकमतात, भीमरावांचा हात, शाईचा डाग असलेला, जारच्या कडीनं घट्टे पडलेला… आणि तिला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग ती कठडा धरून पायरीवर बसलीच. खालून पिशव्या घेऊन येणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" तिनं हातानंच नाही-नाही केलं. आपण त्यांच्यावर हसतोय की स्वतःवर, तेही नीट कळेना. तेरा वर्षं हा माणूस घराच्या ओढीनं एसटीतून उतरत होता, आणि तेरा वर्षांत तिनं त्याला एकदाही, एका गोष्टीला, घट्ट आहे म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला ऐकू आलं असतं. कदाचित आलं असतं. तोही म्हणाला असता, पुन्हा सांग… किंवा नसता म्हणाला. सांगायचं म्हणजे नेमकं कुठं, कोणत्या पेरापाशी घट्ट आहे, हे तिलाच आधी डोळे मिटून पाहायला लागणार होतं, आणि ती भीती ओळखीची नव्हती. हसू ओसरायला लागलं होतं. बाई केव्हाच वर निघून गेली होती. पंचशीला उठली नाही. हसणं थांबल्यावर आत काय उरतं ते बघायला ती तशीच बसून राहिली, आणि ते लवकर कळावं अशी तिला कसलीच घाई नव्हती.