अंग चोरून जाण्याइतकी जागा

"अगं, तुझी गाडी अशीच फुटपाथवर चढत राहिली ना, तर एक दिवस मी बाहेर पडायचंच सोडून देईन," शिवणकाम करणाऱ्या काकू काठीवर रेलत मला म्हणाल्या होत्या. त्यांचं घर आणि दुकान एकाच खोलीत, आमच्या शेजारच्या इमारतीत, तळमजल्यावर.

मी हसून म्हटलं, "तुम्ही कसल्या घरात बसताय काकू! मग गल्लीच्या बातम्या कोण देणार?"

त्याही हसल्या. मला वाटलं, विषय मिटला.

गाडी मी हौसेने चढवत नव्हते. लेक तीन वर्षांची. तिला रस्त्याच्या बाजूने उतरवायची मला भीती वाटायची, कारण मागून गाड्या सुसाट यायच्या. म्हणून दोन चाकं फुटपाथवर घ्यायची आणि तिला थेट इमारतीच्या दाराशी उतरवायचं. माझं पाहून आणखी तिघांनी तेच सुरू केलं. भिंत आणि गाड्या यांच्यात जी फट उरली, तिच्यातून धडधाकट माणूस अंग चोरून जाऊ शकला असता. काठी टेकत चालणाऱ्याचं काय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग नगरपालिकेने प्रयोग जाहीर केला: तीन महिने आमचा रस्ता दिवसभर गाड्यांना बंद. विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी.

"पोरीला ताप चढला तर?" मी नवऱ्याला विचारलं.

"रुग्णवाहिकेला परवानगी आहे. नोटिशीत लिहिलंय."

"आणि पाऊस आला तर?"

"छत्री म्हणून एक वस्तू असते."

पहिल्या दिवशी बालवाडीला चालत निघालो. वाट दहा मिनिटांची, आम्हाला लागली पस्तीस. गाडीत पेंगणारी माझी लेक प्रत्येक गटाराच्या झाकणावर उडी मारत होती, प्रत्येक खांबाला हात लावत होती. काकूंच्या खिडकीशी तिने काचेला नाक लावलं आणि ओरडली, "आजी, तुझं मशीन झोपलंय!"

मशीनवर कापडाची खोळ होती. मागे खुर्चीत काकू.

"कोण, चिमणे, तू? केवढी झालीस गं!"

मी तिथेच थबकले. काकूंना शेवटचं कधी पाहिलं होतं? आठवून आठवून पाहिलं. पाच महिने झाले होते. लेकीला ताप नसतानाही दिवसातून दोनदा कपाळाला हात लावणारी मी, आणि शेजारच्या दारातून माणूस बाहेर पडायचं थांबलं, तर मला पत्ता नाही.

"बरं नव्हतं का, काकू?"

"बरं होतं की. फक्त बाहेर पडत नव्हते. तुला सांगितलं तर होतं."

आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

एकदा गाडीला वळसा घालायला त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. मागून हॉर्न वाजला, दचकून त्या खाली बसल्या. "पडले नाही हं, बसले," त्यांनी मला बजावलं. त्यानंतर उंबरा ओलांडला नाही. घरी येऊन व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज चालला नाहीत तर खुर्चीतून उठणंही बंद होईल. "मी म्हटलं, चालू कुठे? पलंगाभोवती?"

त्याच संध्याकाळी मी त्यांना हात दिला. पहिल्या दिवशी शेजारच्या दारापर्यंत, आठवड्याने दिव्याच्या खांबापर्यंत. चालायचं ते भर रस्त्यातून, कारण तिथे सपाट होतं. "आयुष्यभर कडेकडेने गेले, आता मधोमध," काकू म्हणाल्या. लोकांनी खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. कोणीतरी हळू आवाजात बोललेलंही चार दारांपलीकडे ऐकू यायचं. काकू चालता चालता लोकांच्या कपड्यांना नावं ठेवायच्या. "ए, तुझ्या शर्टाची बाही उसवलीय! उद्या घेऊन ये. मेले नाही मी अजून."

एकदा काकूंना सावरताना मी खाली पाहिलं, तर माझी दुसरी मूठ रिकामी. लेक पुढे पन्नास पावलांवर धावत होती. घराबाहेर तिचं मनगट मी पहिल्यांदाच सोडलं होतं, आणि घाबरायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तीन महिन्यांनी रहिवाशांची सभा झाली. मी उभी राहिले, अर्जावरची सही मागे घेते म्हणाले.

"वा, ताई! सगळ्यांत पुढे तर तुम्हीच होतात," कोणीतरी मागून म्हणालं.

"होते. चुकलं माझं."

रस्ता बंदच ठेवायचं ठरलं, थोडक्या मतांच्या फरकाने. आमची गाडी आता बारा मिनिटांवरच्या वाहनतळावर असते, आणि आठवड्याचे चार दिवस तिथेच राहते.

हे सगळं गोड झालं असं मात्र नाही. काकू कोपऱ्यापर्यंत जातात, त्यापुढे डावा पाय उचलत नाही. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, पाच महिन्यांत जे गेलं ते सगळं परत येत नाही. मी आधी गेले असते तर आलं असतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

तुम्हाला मात्र एक विचारते. तुमच्या रस्त्यावर पूर्वी पायी जाताना दिसणारं कोणी आहे का, हातात पिशवी, चाल संथ? शेवटचं कधी दिसलं होतं? आठवायला वेळ लागत असेल, तर आजच जा. दार वाजवा, आणि उघडेपर्यंत थांबा. त्यांना यायला वेळ लागेल.