चित्र अडकलंय

"घरचा लँडलाइन नंबर?"

"नाही."

"आठवत नाही का?"

"फोनच नाही. मला नुसतं इंटरनेट हवंय."

काउंटरमागच्या मुलीने कीबोर्डवरचे हात उचलले. पडद्यावरचा तो चौकोन रिकामा ठेवला की पुढचं पान उघडतच नव्हतं. तिने पडदा त्याच्याकडे वळवून दाखवलासुद्धा. "बघा, मी काही मुद्दाम करत नाहीये. आमचं इंटरनेट फोनच्या तारेतून येतं. तार हवी तर आधी फोन घ्या."

"मग फोन द्या."

"त्याला घरमालकाची लेखी परवानगी लागते. भिंतीला भोक पाडावं लागतं."

घरमालकाला तो आधीच विचारून आला होता. ज्याला भोक पाडायचंय त्याने स्वतःची भिंत विकत घ्यावी, असं घरमालकाचं म्हणणं होतं.

"सिमवरचा डबा चालेल का? बिनतारी?" मुलीने विचारलं. ती मनापासून मदत करत होती, त्यामुळे तिच्यावर चिडताही येत नव्हतं.

"माझ्या खोलीत रेंज नसते."

त्याची खोली इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्याला लागून होती. तीन बाजूंना जाड काँक्रीट आणि चौथ्या बाजूला जमिनीच्या पातळीवर एक खिडकी. खिडकीच्या गजाला फोन टेकवला की रेंजची एक रेघ उमटे, आणि हातात घेतला की तीही जाई. बाहेर रस्त्यावर उभं राहून बघावं, तर मोबाइलचा पॅक व्हिडिओपुढे बर्फासारखा वितळायचा. समोरचा चेहरा ओळखू येईतो संपलेला.

मुलगी पुन्हा पडद्याकडे बघू लागली आणि एकदम तिचा चेहरा खुलला. "थांबा हं. तुमच्या पत्त्यावर एक लाइन आहे की! चालू आहे." तिने नंबर वाचून दाखवला. "ही तुमचीच ना?"

नंबर त्याला पाठ होता. त्या इमारतीच्या लिफ्टमधल्या इमर्जन्सी फोनचा होता तो. कोणी आत अडकलं आणि घंटेचं बटण दाबलं, की त्या तारेवरून लिफ्ट कंपनीच्या बाईला फोन लागायचा. ती तार दर महिन्याला तपासणारा माणूस तोच होता.

"हिच्यावर चढवता येईल का?" त्याने विचारलं.

"येईल ना. तुम्ही हो म्हणा. फक्त बदल करताना लाइन दोन-तीन दिवस बंद राहील."

एक मान हलवायची होती. "उद्या सांगतो," म्हणून तो बाहेर पडला.

घरी त्याला सगळे धाकटा म्हणत. परदेशात त्या नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं, पण स्वतःशी बोलताना तो अजून तेच नाव वापरी. धाकट्या, आता काय करशील?

घाई होती ती आईमुळे. आईने उभी हयात यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात घालवली होती. माग सुरू झाले की तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. त्यामुळे शेडमधल्या बायका ओठांनीच बोलत. सासूच्या कागाळ्या, भावबंदकी, मुकादमाची नक्कल, सगळं बिनआवाजी. धाकटा लहानपणी डबा घेऊन जाई तेव्हा दारातूनच ओठ हलवून ‘आई, भूक’ म्हणे, आणि आई चार मागांपलीकडून ओठांनीच दटावे, ‘आधी हात धू.’ पुढे त्याच आवाजाने तिचे कान नेले. कानातलं यंत्र काही वर्षं पुरलं. गेल्या आजारपणानंतर त्याचाही उपयोग उरला नाही.

तेव्हापासून त्यांचे फोन एकाच बाजूने चालत. आई वहिनीच्या फोनवरून बोले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे मोठ्यांदा बोले. "जेवलास का?" म्हणे आणि थांबे, बरोबर त्याच्या उत्तराएवढी. मग पुढे सुरू. "ऐकत असशीलच म्हणा. तुझ्या पलंगाला ढेकूण झाले होते. ऊन दिलं." पुन्हा थांबे. तो इकडे "हो", "बरं", "आई, औषध घेतेस ना?" असं त्या मोकळ्या जागांमध्ये बोलून घेई. कुठेच पोचत नसलेलं. लिहून पाठवावं, तर आईला अक्षरओळख नव्हती.

परवाचा फोन मात्र वेगळा होता. "दादाची बदली झालीय," आई म्हणाली. "या महिन्याअखेर घर सोडायचं. मला बरोबर चल म्हणतात, चांगलं म्हणतात. पण कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या वाड्यात एक खोली आहे. तू परत येणार असशील तर ती खोली धरून थांबते. आल्यावर उतरायला आपलं घर नको? येणार नसशील तर जाते त्यांच्याबरोबर. एवढं सांग."

मागून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, तुम्ही मला सांगा, मी सांगते त्यांना."

आईने तिचे ओठ वाचले असावेत. "हिच्या तोंडून नको," ती म्हणाली. "ही गुणाची आहे रे, पण हिला मी बरोबर यायला हवीय. मला वाईट वाटू नये म्हणून गोड करून सांगेल. तुझ्या तोंडाने सांग. मला दिसेल असं."

दुसऱ्या दिवशी उस्तादांबरोबर काम होतं. उस्ताद त्याच्या गावाकडचेच, निवृत्तीला आलेले. त्याला लिफ्टचं काम त्यांनीच शिकवलं होतं. एका दुकानांच्या इमारतीत काचेच्या लिफ्टचा ब्रेक तपासायचा होता.

"मग हो म्हणून टाक ना," सगळं ऐकून उस्ताद म्हणाले. "दोन दिवसांत कोण मरायला अडकतंय तुझ्या लिफ्टमध्ये?"

"चौथ्या मजल्यावर एक आजी आहेत. चालायची काठी घेऊन एकट्या येतात-जातात."

"त्यांना सांग दोन दिवस घरात बसा म्हणून."

"उस्ताद, तुम्ही सांगताय हे?"

उस्तादांनी पाना पुसला, उगाचच दोनदा. "मी कुठे सांगतोय," ते म्हणाले. "तू ऐकतोस का बघत होतो. गाढवा, असं काही केलंस तर तुझ्या आधी माझी नोकरी जाईल." मग जरा वेळाने, "लायब्ररीत का जात नाहीस? चौकातल्या. तिथे फुकट असतं."

"तिथे बोलायची बंदी आहे."

"हो, तेही खरंच."

उस्ताद बाहेर थांबले आणि धाकटा लिफ्टमध्ये शिरला. आत गेल्यावर त्याने सवयीने घंटेचं बटण दाबलं. "आपण ठीक आहात ना?" कंपनीच्या बाईने विचारलं. "चाचणी आहे," तो म्हणाला. ती "धन्यवाद" म्हणाली. कामाच्या पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी त्याला बजावलं होतं, की अडकलेल्या माणसाशी गप्पा मार, विनोद सांग, गाणं म्हण, पण वेळ खोटी सांगू नकोस. पाच मिनिटांत येतो म्हणालास आणि सहावं मिनिट लागलं, की माणूस दार उचकटायला लागतो. माहीत असेल तरच सांग. नसेल तर नुसतं म्हण, मी इथे आहे.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली होती. काचेपलीकडे, खालच्या मजल्यावरून उस्ताद वर बघत काहीतरी ओरडत होते. जाड काचेतून आवाज येत नव्हता, पण त्यांचे ओठ दिसत होते. ‘झोपलास का? ब्रेक सोड.’ धाकट्याने ब्रेक सोडला. लिफ्ट हलली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

खाली आल्यावर त्याने उस्तादांचा हात धरला. "लायब्ररीत बोलायची बंदी आहे. ओठ हलवायची नाही."

उस्तादांना समजायला क्षणभर लागलं. मग त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "आधी ती मिशी उडव. त्या झुडपातून तुझ्या आईला काय दिसणार, कपाळ?"

इंटरनेटच्या काउंटरवरच्या मुलीला फोन करून त्याने ती लाइन आपली नसल्याचं सांगितलं. वहिनीला रविवारची वेळ कळवली आणि मिशी काढली. मिशीखालची कातडी फिकट निघाली, उन्हात न आलेल्या भिंतीसारखी.

रविवारी सकाळी लायब्ररीत फारशी माणसं नव्हती. "फोनवर बोलायचं असेल तर बाहेर," टेबलामागच्या बाईने त्याचे इअरफोन बघून आधीच सांगितलं.

"नाही बोलणार," तो म्हणाला. खरं तेच बोलला.

पुस्तकांच्या रांगांपुढच्या टेबलावर त्याने फोन उभा केला. सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. घंटी वाजली आणि वहिनीचं नाक, मग छत, मग आई दिसली. वहिनीने फोन डब्याला टेकवून ठेवला असावा. आईच्या मागे पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचलेली होती. भिंतीवर कॅलेंडर काढल्याची चौकोनी खूण.

‘आई,’ तो ओठांनी म्हणाला.

आई पुढे वाकली. तिचा चेहरा पडदाभर झाला. "मिशी का काढलीस रे?" इअरफोनमधून तिचा आवाज कानठळ्या बसवत आला. "सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोस."

तो हसला. आवाज न करता. ‘तुला दिसावं म्हणून.’

"दिसतंय, दिसतंय. सावकाश बोल. बारीक झालास."

‘नाही झालो. जेवतो नीट. थंडी आहे इथे.’

"स्वेटर घालतोस का? दाखव." त्याने कॉलर ओढून दाखवली. आई बघत राहिली. इतक्या दिवसांच्या अर्ध्या फोननंतर पुरा फोन कसा वापरायचा तेच दोघांना आठवत नव्हतं. मग आईने ओठ हलवले, आवाज न करता, पूर्वी शेडमध्ये हलवायची तसे. ‘हात धुतलेस?’

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. आई खुदकन हसली आणि मान वळवून म्हणाली, "तू जा गं जरा आत. खोकी बघ." वहिनीची पावलं दूर गेली.

"आता सांग," आई म्हणाली. "येणार आहेस ना परत?"

त्याने ओठ उघडले.

कंपनीने त्याचा करार आणखी पाच वर्षांनी वाढवला होता. गेल्या महिन्यात त्याने सही केली होती आणि कोणालाही कळवलं नव्हतं. उस्तादांच्या जागेवर त्याला घेणार होते. ‘येणार नाही’ हे शब्द त्याने आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारले नव्हते. ‘येईन’ म्हणणं सोपं होतं. मग आई त्या एका खोलीत बसून राहिली असती, दार वाजलं तरी ऐकू न येणारी, आणि पाच वर्षांत कधीतरी सहावं मिनिट लागलंच असतं. नंबर नाही, तार नाही, भोक नाही, असं तो लोकांना आठवडाभर सांगत फिरला होता. आता सगळं होतं. चित्र लख्ख होतं आणि आई त्याच्या ओठांकडे बघत होती.

ओठ तसेच अर्धवट उघडे राहिले.

"काय रे?" आई म्हणाली. "हलव ना तोंड."

तो हलला नाही.

"अडकलं का काय?" ती पडद्याच्या आणखी जवळ आली, बोटाने काचेवर टकटक केली. "धाकट्या?"

त्याने पापणीही हलवली नाही. डोळे चुरचुरू लागले. नजर तिच्या कपाळावर ठेवून तो श्वास रोखून बसून राहिला, फोटोत बसावं तसा. नेट गेलं, असं तिला वाटू दे. एवढंच त्याच्या हातात होतं.

त्याच वेळी त्याच्या मागून लायब्ररीतली बाई परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी घेऊन गेली. रबरी चाकांचा आवाज झाला नाही. तो तिला बघू शकत नव्हता. त्याला दिसले ते आईचे डोळे. त्याच्या डाव्या खांद्यामागे काहीतरी आलं, म्हणून ते डावीकडे गेले, मग हळूहळू, त्याच्या डोक्यामागून, उजव्या खांद्यापर्यंत सरकत गेले आणि तिथे थांबले. मग परत त्याच्या चेहऱ्यावर आले.

आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. घाईत नव्हती. हनुवटीपासून कपाळापर्यंत, मिशी काढलेल्या जागेवर जरा थांबून.

पावलं वाजली. वहिनी पडद्याच्या कडेला वाकली. "काय झालं हो आत्या? भाऊजी हलत का नाहीयेत?"

आईने तिच्या ओठांकडे बघितलं आणि फोन उचलून स्वतःकडे घेतला, वहिनीला नीट दिसणार नाही असा.

"चित्र अडकलंय," ती म्हणाली. "बंद कर. आणि माझीही ट्रंक काढ खाली, बांधायला घेऊ."

पडदा काळा झाला. त्याच्या काचेत त्याला आपलं तोंड दिसत होतं. ओठ अजून तसेच उघडे होते.