धुराड्यावर ठेवलेला हात

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो. किती जुनं, ते रंगावरून ओळखू नका. रंग गेल्याच महिन्यात फासलाय. मला इंजिन एकच, नाकावर पंखा एकच, आणि पोटात रॉकेलाच्या चुलतभावासारखं इंधन. मोठी विमानं मला बघून म्हणतात, "अजून आहेस होय?" आहे बाबांनो, आहे. पण मध्यंतरी नसण्याच्या अगदी काठावर उभा होतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पंखांत खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्यावर बोट फिरवून पाहिलं, जशी आई न्हाऊ घातलेल्या लेकराचे कान तपासते. मग अठरा वर्षं मी बेटांवर टपाल नेलं. टपाल म्हणजे नुसती पत्रं नव्हेत. औषधं, चष्मे, शिलाई मशीन, एकदा दाताच्या डॉक्टरची आख्खी खुर्ची, आणि एकदा कोंबडीची तीनशे पिल्लं. पिल्लांचं खोकं वरच फुटलं. उतरलो तेव्हा माझ्या वैमानिकाच्या टोपीत अकरा जण बसले होते.

त्या टोपीवाल्या काकांची एक खोड होती. जे घडेल ते त्याच दिवशी माझ्या वहीत, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहायचं. एका वादळी दुपारी मी जमिनीवर असा आपटलो की काकांचे दात वाजले. त्यांनी लिहिलं, "आज विमान आपटलं. चाकं तपासली, ठीक आहेत. चूक माझी, विमानाची नव्हे." अशी कबुली माणसं माणसांजवळही देत नाहीत.

काका निवृत्त झाले आणि मी एका हौशी शेठकडे गेलो. तीन वर्षांत मी अकरा तास उडालो आणि चारशे फोटोंत आलो. विमान उडून झिजत नाही एवढं उभं राहून झिजतं, मित्रांनो. चाकं एका बाजूने चपटी झाली. चिमण्यांनी शेपटीत संसार थाटला. शेवटी शेठने मला विकायला दलालाकडे दिलं. हा दलाल बोलायला इतका गोड, की सगळे त्याला साखरतोंड्या म्हणत.

साखरतोंड्याने मला रंगवलं, पण गिऱ्हाईक काही मिळेना. तेव्हा सुटे भाग विकणारा एक जण आला आणि खडूने माझ्या अंगावर फुल्या मारून गेला. इंजिन इकडे, पंख तिकडे, खुर्च्या कुठल्याशा हॉटेलात. "सोमवारी कापायला येतो," म्हणाला.

शुक्रवारी मावशी आणि भाची आल्या. भाची वैमानिक, तिला बेटांवरचे आजारी लोक दवाखान्यात पोचवायचे होते. मावशी निवृत्त मेकॅनिक, कमरेला फडक्यांचा झुपका.

"मावशी, कसलं गोड आहे गं!"

"गोड असायला ते काय ऊस आहे?" असं म्हणून मावशी गुणगुणू लागली,

"रंग वरून झळाळे, आत गंज किती खोल,
हात लावून पाहावं, मग करावं गं मोल."

आणि तिने रंगाकडे ढुंकूनही न बघता तळहात ठेवला तो थेट माझ्या धुराड्यावर. ठेवला आणि झटकन काढला.

"गरम आहे."

"उन्हात उभं आहे ना, मावशी," साखरतोंड्या म्हणाला.

"मग पंखांना ऊन लागत नाही वाटतं? ते गार आहेत. आणि मावशी हिची, तुमची नव्हे."

खरं तर गिऱ्हाइकापुढे मी पटकन चालू व्हावं म्हणून साखरतोंड्या मला आधीच गरम करून ठेवायचा. रोज सकाळी!

"गार झाल्यावर चालू करू. आम्ही बसतो," मावशी म्हणाली. दोघी माझ्या पंखाच्या सावलीत चार तास बसल्या. डबा खाल्ला, वर एक डुलकीही काढली. साखरतोंड्या तेवढा घाम पुसत राहिला.

चार वाजता भाचीने बटण दाबलं. मी फिरलो, पण धापा टाकत. आत आग पेटली आणि तिला पुढे लोटायला वारा पुरेना. उष्णतेचा काटा लाल रेघेकडे धावला.

"इंधन बंद कर!" मावशी ओरडली. भाचीने बंद केलं. आणखी दोन क्षण, आणि माझी आतडी वितळली असती.

"इंजिनच गेलंय, मावशी. चल घरी." भाचीने डबा उचललासुद्धा. मी मनातल्या मनात फुल्या मोजू लागलो.

"वही आणा हो," मावशी म्हणाली. वहीची चार पानं चिमट्याने बंद केलेली होती. "ती तशी महत्त्वाची नाहीत," साखरतोंड्या पुटपुटला.

"मग तीच आधी वाचू."

तिने त्यांतली काकांची कबुली मोठ्याने वाचली. मग एकेक पान उलटत गेली आणि एकदम थांबली. "हे बघ. स्वतःची चूक लिहिणारा माणूस इंजिनाबद्दल खोटं लिहिणार नाही. तपासण्या सगळ्या वेळच्या वेळी. पण बॅटरी? शेवटची बदलली ती ह्याच माणसाने, तीन वर्षांहून आधी. इंजिन नाही गं गेलेलं, ही म्हातारी गेलीय! इंजिन जोरात फिरवायचा दमच नाही तिच्यात, मग वारा कुठून येणार?" मग साखरतोंड्याकडे वळून, "आणि रोज सकाळी राबवून राबवून तिचा जीव तुम्ही घेतलात. उरलासुरला जोर आज सकाळी संपला."

शेजारच्या शेडमधून तिने चाकांवरची भलीमोठी बॅटरी ओढत आणली. आधी इंधनाशिवाय फिरवून मला गार केलं, मग पेटवलं. मित्रांनो, मी एका श्वासात पेटलो! काटा मध्यावर येऊन शहाण्या मुलासारखा बसला. शनिवारी मावशीने नळीच्या टोकावरचा बारका कॅमेरा पोटात घालून माझी आतडीही पाहिली. शाबूत होती. सोमवारी खडूवाला आला, तेव्हा माझ्या जागी तेलाचा फक्त एक डाग होता.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तूला नुसता रंग देऊ नका. तिला काम द्या, तिची म्हातारी बॅटरी वेळेवर बदला, आणि तिच्या वहीत खरं लिहा. ते खरं एखाद्या दिवशी तिचा जीव वाचवतं.

काल भाची पहिल्यांदाच मला घेऊन बेटावर उतरली. मागे दवाखान्यातून घरी परतणाऱ्या एक आजी प्लास्टरमधला पाय धरून बसलेल्या. रात्री घरी परतल्यावर मावशीने वहीत लिहिलं, "उतरताना दोन उड्या. चूक भाचीची. विमान बिचारं काही बोललं नाही."

बोललो नाही कसा? मी दोन्ही वेळा "आई गं" म्हणालो होतो. पण आजी त्याहून मोठ्याने म्हणाल्या.