केव्हचा अंगठा

विराबिल्ला गावच्या लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबात त्या दिवशी सगळे लॉर्ना पॅस्कोवर दात धरून बसले होते. शेजारगावचा संघ खेळायला येऊन ताटकळला आणि क्लबातलं काळं कुत्रंही तिकडे फिरकलं नाही. खापर सेक्रेटरीवर फुटलं. नवरा मर्व गेल्यापासून लॉर्नाला या पदाशिवाय दुसरं उरलं होतं तरी काय? आज तेही काढून घेणार होते.

"तू मेल पाठवलाच नाहीस," अध्यक्ष केव्ह म्हणाला.

"पाठवला. तुमच्या जंकमध्ये पडलाय. मेलवाल्या कंपनीशी सकाळभर भांडलेय मी. माझ्याकडून सगळं बरोबर आहे म्हणतात."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण बघूच आता. माझा मेल तू कसा खोडतोस, करून दाखव."

केव्हनं फोन काढून एक जुना मेल उघडला आणि सरळ जंकचं बटण दाबलं. "खोडायला गेलं की 'नक्की का?' विचारत बसतं. हे काही विचारत नाही."

"अरे माठा, ते खोडायचं बटण नाही. हा मेल कचरा आहे, अशी तक्रार आहे ती. सगळ्यांनी केलीत, म्हणून आता माझं सगळंच कचऱ्यात जातं. कुणी शिकवलं हे?"

सगळ्यांच्या माना चहाच्या टेबलाकडे वळल्या. तिथे जॉइस स्कोन मांडत होती. लॉर्नाची शाळेपासूनची मैत्रीण.

"मी शिकवलं," जॉइस म्हणाली. "कप विसळले नाहीत, बूट पुसले नाहीत, अमका रिकाम्या हातानं आला. सकाळी उठल्याउठल्या तुझ्या शिव्या कुणी वाचायच्या?"

क्लबाचं जे काही असेल ते मेलवरच, तोंडी काही नाही, हा नियम लॉर्नाचाच.

"आणि मर्वच्या नावानं ठेवलेल्या मॅचचा मेल?"

"कसली मॅच?" जॉइसनं विचारलं.

मार्चमध्ये त्या मॅचला लॉर्नानं सगळ्या क्लबापुरती सँडविचेस केली होती. दुपारभर एकटी बसली आणि शेवटी सगळी सँडविचेस सीगल पक्ष्यांना टाकून आली. तेव्हापासून तिच्या मेलमध्ये विखार वाढला होता. तिनं केव्हचं जंक चाळलं. महिन्याभरापलीकडचं आपोआप पुसलं गेलं होतं.

"आम्ही आलो असतो गं," केव्ह म्हणाला.

"गप्प बस."

तिनं एकेकाच्या हातातून फोन हिसकावून स्वतःचा पत्ता ओळखीच्यांत टाकला. मग कोपऱ्यातल्या कंप्युटरवर दोन ओळी बडवल्या. सगळे फोन एकदम वाजले. केव्हचा अंगठा सवयीनं त्याच बटणाकडे निघाला. लॉर्नानं त्याचं मनगट धरलं.

"आधी वाच. मोठ्यानं."

केव्हनं चष्मा चढवला. "शनिवारी मर्वच्या नावाची मॅच. घरून काहीतरी खायला घेऊन या," त्यानं वाचलं आणि तो थांबला.

"पुढचंही वाच."

"आणि कप विसळून ठेवा."