तिसऱ्या डाऊनचा ढोल

चारुदत्तनं हातमोजे काढून खिशात कोंबले, तेव्हा शेजारच्या वॉल्टरनं कपाळावर हात मारून घेतला. कॅनडातल्या सस्काटूनची थंडी म्हणजे काय चेष्टा आहे? पण मोजे घालून ढोलावर थापी पडते थोडीच! पुण्याच्या पथकात घाम गाळलेला हा माणूस, असल्या थंडीला काय भीक घालणार!

निमित्त होतं हार्वेस्ट बोल नावाच्या फुटबॉल सामन्याचं. वॉल्टर हा त्याचा शेजारी, जन्मभर गहू पिकवलेला म्हातारा. त्यानं या सामन्याचा सगळा इतिहास कुंपणावरून सांगितला होता. युद्धावरून परतलेल्या पोरांनी इथल्या कॉलेजात नावं घातली आणि कापणी उरकली की शेजारच्या प्रांतातल्या कॉलेजाशी फुटबॉल, तो चेंडू हातात धरून पळायचा इकडचा फुटबॉल, खेळायचा, असं ठरवून टाकलं. चषक कुठला असायला? कुणाच्या तरी आईची पावाचं पीठ मळायची लाकडी परात आणली आणि जिंकणाऱ्यांच्या हाती दिली. तेव्हापासून दर वर्षी त्या परातीसाठी अख्खं गाव जीव टाकतं, वर्षभर न भेटलेली माणसं इथे गळ्यात पडतात.

"म्हणजे आपला गणेशोत्सवच की!" चारुदत्त खूश झाला आणि इथल्या मराठी मंडळाचा ढोल आणि सोबतीला ताशावाल्या नंदनला घेऊनच आला. परवानगी काढली ती त्याच्या लेकीनं, अनुयानं. ती याच कॉलेजात शिकत होती.

पण स्टेडियमच्या दारातच मैत्रिणींनी तिला विचारलं, "हू आर दे?"

"ओह, सम कम्युनिटी ग्रुप," अनुया चटकन म्हणाली.

ते ऐकून चारुदत्त ढोलाचा पट्टा उगाचच आवळू लागला. परात कुणीही नेवो, त्याला काय करायची होती ती! लेकीनं चारचौघांत आपल्याला आपलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

सामना सुरू झाला. आपल्या पोरांच्या हाती चेंडू आला रे आला, चारुदत्तनं नंदनला खूण केली आणि असा दणका उडवला की ज्याचं नाव ते! पोरांना जोर नको का चढायला? तिकडे कॅप्टन घसा फोडून काय सांगतोय, ते त्याच्याच गड्यांना ऐकू येईना. चेंडू हातून निसटला, पाहुण्यांनी उचलला आणि पळत थेट आपल्या गोलरेषेपार नेला, टचडाऊन! सगळं स्टेडियम मागे वळून या दोघांकडे बघायला लागलं.

अनुया लालबुंद होऊन पायऱ्या उतरत आली. "डॅड! वी हॅव द बॉल, यू शट अप! दे हॅव द बॉल, देन मेक नॉइज! जस्ट वॉच माय हँड, ओके?"

आता बोला! आपल्या गणपतीपुढे गप्प बसायचं आणि दुसऱ्याच्या गणपतीपुढे बडवायचं, असली तऱ्हा त्यानं जन्मात ऐकली नव्हती. पण मुकाट्यानं मान डोलावली. अनुया तोंड फुगवून मैत्रिणींत जाऊन बसली, पण तिथून हात मात्र करत राहिली. हात वर की ढोल, हात खाली की चिडीचूप. मग हळूहळू पोरीलाच मजा यायला लागली. ती उभी राहिली. भोवतालची पोरंही तिच्या हाताबरोबर ओरडायला लागली.

शेवटच्या क्षणाला आपण चार गुणांनी पुढे. चेंडू पाहुण्यांकडे, गोल हाकेच्या अंतरावर आणि त्यांचा तिसरा डाऊन, म्हणजे शेवटची संधी. टचडाऊनचे सहा गुण मिळाले की परात गेलीच!

अनुयाचा हात वर गेला. चारुदत्तनं बधिर हातांनी जीव खाऊन ढोल बडवला. पाहुण्यांना एकमेकांचं काही ऐकू येईना. एक उजवीकडे पळाला, चेंडू गेला डावीकडे आणि पडला बर्फात. वेळ संपली!

काय तो जल्लोष! टोप्या उडाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्याचा वॉल्टर चक्क नाचायला लागला. चारुदत्त वाजवतच होता. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "हू इज द गाय ऑन द बिग ड्रम?"

अनुया बाकावर चढली आणि घसा फाडून ओरडली, "दॅट्स माय डॅड! माय डॅड!"

चारुदत्तचा ठेका साफ चुकला.

"अरे, लय सांभाळ!" नंदन खेकसला.

लय कसली सांभाळतोय! डोळे पुसायला त्यानं ढोलाचं टिपरूच खाली टाकलं होतं.